टेक्सासमध्ये एचओए असलेल्या वस्तीत घर घेताना काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्रॉस्पर पट्ट्यात रिसेलचं घर पसंत पडलंय, एचओएच्या (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना) नियमांची 80-90 पानं हातात पडलीत, वस्तीत पोहण्याचा पूल, क्लबहाउस आणि तळं आहे. हे पुण्यातल्या आपल्या सोसायटीसारखंच समजायचं का? आईबाबा सहा महिने राहायला येणार, घरी गणपती बसतो, मग काही अडचण येईल का?

गणपतीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. घरात काय करता याच्याशी एचओएला देणंघेणं नसतं. बाहेरचं म्हणाल तर टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये यावर कलमच आहे. पूर्वी धार्मिक वस्तू फक्त दाराला किंवा चौकटीला लावायची मुभा होती आणि तीही 25 चौरस इंचांपर्यंत. 2021 मध्ये ही मर्यादा काढून टाकली. आता श्रद्धेपोटी लावलेलं तोरण, दारातली तुळस, मूर्ती यांना एचओए सरसकट मनाई करू शकत नाही. अपवाद आहेत, पण ते सुरक्षिततेचे, हद्दीपासून सोडायच्या अंतराचे असे आहेत. हे सगळं तुमच्या स्वतःच्या जागेपुरतं, बरं का. वस्तीच्या प्रवेशद्वारावर किंवा सामायिक हिरवळीवर काही लावायचं तर परवानगी लागणारच.

विसर्जन मात्र वस्तीतल्या तळ्यात करू नका. ब्रोशरमध्ये त्याला ‘लेक’ म्हणतात, बदकं असतात, कारंजं असतं, पण बऱ्याच वस्त्यांमध्ये ते पावसाचं पाणी साठवून हळूहळू सोडण्यासाठी खणलेलं असतं. त्याची देखभाल एचओए करते, कधी मड म्हणजे पाणी-सांडपाण्याची स्थानिक यंत्रणा करते, आणि त्यात काहीही टाकायला बंदी असते. शाडूची मूर्ती घ्या आणि घरीच मोठ्या टबात विसर्जन करा. इथले बहुतेक जण तेच करतात.

आता मुख्य मुद्दा. सोसायटीसारखं समजू नका. पुण्यात काही बिनसलं तर सेक्रेटरीला जिन्यात गाठता येतं, ‘अहो काका, जरा बघा ना’ म्हणून विषय मिटवता येतो. त्यातूनही नाही जमलं तर उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. टेक्सासात एचओएंच्या वर असा कुणी निबंधक बसलेला नाही. नियमांचा मूळ दस्त कौंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयात नोंदलेला असतो आणि तो जमिनीबरोबर येतो. घर ज्याच्या नावावर, तो बांधील, मग त्याने पानं वाचलेली असोत वा नसोत. बोर्डावर शेजारीपाजारीच असतात, पण रोजचा कारभार मॅनेजमेंट कंपनीकडे असतो. त्यांचा माणूस ठरावीक दिवशी गाडीतून फेरी मारतो, फोटो काढतो आणि पत्र पाठवतो. तो तुम्हाला ओळखत नाही आणि ओळखायची त्याला गरजही नाही. इथे ओळख चालत नाही, कागद चालतो. ही एक गोष्ट पक्की धरलीत तर पुढचा मनस्ताप बराचसा वाचेल.

पहिलं पत्र बहुधा कचऱ्याच्या डब्याचं येतं. मी काही काळ आमच्या वस्तीच्या आर्किटेक्चरल कमिटीवर (घरांच्या बाहेरच्या बदलांना मंजुरी देणारी कमिटी) होते, तेव्हा अशी पत्रं पुष्कळ पाहिली. सोबत फोटो असतो: गॅरेजच्या कडेला कुंपणाआडून डब्याचं अर्धं झाकण डोकावतंय आणि खाली कोपऱ्यात तारीख-वेळ. नवीन माणूस ते बघून हबकतो, ‘माझ्यावर पाळत ठेवतात की काय’ म्हणून. तसं काही नसतं. डबा आत घ्या, एचओएच्या ऑनलाइन पोर्टलवर ‘केलं’ म्हणून कळवा, विषय संपला.

दंडापर्यंत जायच्या आधी कायद्याने काही पायऱ्या ठरवून दिल्यात. नोटीस लेखी आणि पोच मिळेल अशा टपालाने यावी लागते. त्यात चूक कोणती, ती सुधारायला मुदत किती, हे लिहावं लागतं. 30 दिवसांच्या आत तुम्ही बोर्डापुढे सुनावणी मागू शकता, आणि मागितलीत तर एचओएला आपले पुरावे सुनावणीच्या 10 दिवस आधी तुम्हाला द्यावे लागतात. तीच चूक सहा महिन्यांत पुन्हा झाली तर मात्र नवी मुदत मिळेलच असं नाही. 2024 पासून दंडाचं दरपत्रकही एचओएला लेखी ठेवावं लागतं. तेही मागून घ्या.

नुसता दंड थकला म्हणून घर हातचं जात नाही. नुसत्या दंडासाठी घर लिलावात काढायला कायद्याने बंदी आहे. वर्गणी थकली तर मात्र काढता येतं, आणि हे कागदावरचं भय नव्हे. 2009 मध्ये फ्रिस्कोतच असं घडलं. लष्करातला एक कॅप्टन इराकमध्ये तैनात होता, इकडे एचओएचे सुमारे 800 डॉलर थकले होते. बायको मानसिक ताणात होती, टपाल उघडतच नव्हती. कर्ज पूर्ण फिटलेलं, तीन लाख डॉलर किमतीचं ते घर लिलावात 3,201 डॉलरला गेलं. पुढे तडजोड होऊन घर परत मिळालं. 2011 मध्ये टेक्सासने एचओएंचे कायदे बरेच कडक केले: लिलावाआधी कोर्टाचा आदेश लागतो, थकबाकीसाठी हप्ते द्यावे लागतात. तरीही सांगते, एचओएचं पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. वर्गणी आपोआप भरली जाईल असं करून ठेवा, आणि घर भाड्याने देऊन भारतात परतलात तर पोर्टलवर पत्ता बदला.

त्या 80-90 पानांत लोक कुंपणाचा रंग आणि गवताची उंची वाचतात. वाचाच, पण डोळ्यांत तेल घालून वाचायचे ते पैशाचे कागद. रिसेलच्या घराला रिसेल सर्टिफिकेट मिळतं, त्याची फी 375 डॉलरच्या वर आकारता येत नाही. त्यात चालू बजेट, ताळेबंद, राखीव निधी, मंजूर झालेली विशेष वर्गणी, एचओएवरचे दावे आणि त्या घरावरची नियमभंगाची उघडी प्रकरणं असतात. या शेवटच्याकडे नीट बघा. आधीच्या मालकाने न विचारता शेड उभी केली असेल तर क्लोजिंगनंतर, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्यावर, ती डोकेदुखी तुमची.

राखीव निधीचं का म्हणते? पूलचं प्लास्टर, पंप, क्लबहाउसचं छप्पर, खेळाच्या जागेतली रबराची जमीन हे सगळं काही वर्षांनी बदलावं लागतं. वर्गणी कमी आहे म्हणून रिॲल्टर (घराचा दलाल) खुश होऊन सांगेल. मी असले आकडे बघून उलट सावध होते. निधी रिकामा असेल तर एक दिवस विशेष वर्गणीचं पत्र येणार हे ठरलेलं. पूल साधारण मे ते सप्टेंबर उघडा असतो, पैसे मात्र बारा महिने जातात. मड किंवा पिड (सार्वजनिक सुधारणांसाठी वेगळी आकारणी करणारा पट्टा) असेल तर त्यांची आकारणी एचओएच्या वर्गणीत धरलेली नसते, त्याची चौकशी वेगळी करा.

वस्ती नवी असेल तर बिल्डरचा ताबा सुटलाय का हेही विचारा. सुरुवातीला बोर्ड बिल्डरच्या माणसांचं असतं. 75 टक्के प्लॉट विकले गेले की 120 दिवसांच्या आत बोर्डाच्या किमान एक तृतीयांश जागा रहिवाशांनी निवडून द्यायच्या असतात. तोवर वर्गणी बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवलेली असते, घरं विकायची असतात ना! ताबा रहिवाशांकडे आला की खरे आकडे दिसायला लागतात.

आईबाबांबद्दल. पुलावर जायला फॉब म्हणजे फाटक उघडायची इलेक्ट्रॉनिक किल्ली लागते, घरामागे मोजकेच मिळतात, पाहुण्यांचीही मर्यादा असते. घरी राहणारे आईवडील पाहुण्यांत धरतात की घरच्यांत, हे वस्तीगणिक वेगळं असतं, ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. पाण्यात उतरायला पोहण्याचेच कपडे लागतात, सुती कपड्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात हे त्यामागचं कारण सांगतात. आमच्याकडे एक आजी नऊवारी गुडघ्यापर्यंत सावरून उथळ पायरीवर पाय बुडवून बसल्या होत्या आणि पूलवर देखरेखीला ठेवलेला कॉलेजचा पोरगा नियमांच्या पाटीकडे आणि आजींकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी तो म्हणाला, पाय चालतील. वडिलांना सकाळी फिरायला बाहेर जागा उत्तम असते. कपडे, पापड किंवा मिरच्या वाळत घालायच्या तर मागच्या अंगणात, कुंपणाबाहेर दिसणार नाहीत असं. मेथी-कोथिंबिरीचे वाफेही मागेच लावा, पुढे लावले की पत्र आलंच म्हणून समजा.

क्लबहाउसचं एवढंच: हळदीकुंकू, बारसं, वाढदिवस सगळं होतं, डिपॉझिट भरून. सणासुदीच्या शनिवारांसाठी बरेच आधी बुकिंग करा. पैसे घेऊन क्लास चालवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. वेळ संपायच्या आधी झाडून-पुसून, कचरा स्वतः उचलून, रिकाम्या हॉलचे फोटो काढून मगच निघा. डिपॉझिटवरून होणाऱ्या वादात तेच कामी येतात.

घराच्या बाहेरून दिसेल असा बदल करायचा असेल, कुंपणाला रंग, पॅटिओवर छप्पर, पुढे नवं झाड, तर काम सुरू करण्याआधी अर्ज. ‘शेजाऱ्याने केलंय’ हे इथे उत्तर होत नाही. कमिटीला मुदतीत उत्तर देता आलं नाही तर काही वस्त्यांच्या दस्तांत मंजुरी धरतात, काहींत नामंजुरी. ते वाक्य शोधून ठेवा. नकार लेखीच द्यावा लागतो, आणि त्यावर 30 दिवसांत बोर्डाकडे दाद मागता येते. त्यापुढे जायची वेळ आलीच तर 2021 पासून एचओएंच्या कायद्याच्या भंगाबद्दल स्थानिक जस्टिस कोर्टात (लहान दाव्यांचं कोर्ट) जाता येतं, दर वेळी मोठा वकील लागतो असं नाही.

हे कागद मिळवणंही अवघड नाही. 60 किंवा जास्त प्लॉट असलेल्या, किंवा मॅनेजमेंट कंपनी नेमलेल्या एचओएला आपले दस्त वेबसाइटवर ठेवावे लागतात. बोर्डाच्या गेल्या वर्षाच्या बैठकांची इतिवृत्तं विक्रेत्याकडून मागवा. वस्तीत भांडण कशावरून चालू आहे ते त्यात चार ओळींत कळतं. आणि करार करण्याआधी एका शनिवारी संध्याकाळी पुलाशी जाऊन अर्धा तास बसा, तिथल्या लोकांशी बोला.

तुमचं सर्टिफिकेट आलं की राखीव निधीचा आकडा, एकूण घरं आणि पूल किती वर्षांचा आहे हे खाली लिहा, वर्गणी वाढायची शक्यता किती ते बघून सांगते. घराचा पत्ता मात्र इथे टाकू नका.