कॉलेजसाठी थ्रिलरची दोन मिनिटांची ओपनिंग शूट करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न वाचला. चौघं जण, एक फोन, शूट बडोद्यातच, टायटल्स धरून दोन मिनिटं आणि जानेवारी अखेर सबमिशन. मी तीन वर्षांपूर्वी हेच केलंय, दांडिया बाजारात मित्राच्या जुन्या घरासमोर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की ओपनिंग म्हणजे मोठ्या सिनेमाची नुसती सुरुवात, छोटी शॉर्ट फिल्म नाही. दोन मिनिटांत खून, पोलीस, फ्लॅशबॅक सगळं कोंबायला गेलात तर एकही गोष्ट धड दिसत नाही. बघणाऱ्याला एकच प्रश्न पडला पाहिजे आणि त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. आमचं असं होतं: पहाटे अंधारात एक बाई दारासमोर रांगोळी काढतेय, उजेड ओट्यावरच्या दिव्याचा तेवढा, रंग संपला म्हणून ती आत जाते, दार उघडंच ठेवते, परत येते तर अर्ध्या रांगोळीवर अनवाणी पायाचा एक ठसा आणि बोटं घराच्या दिशेला. बस, एवढंच. एकही डायलॉग नाही. स्क्रिप्ट अर्ध्या पानाची झाली, पण त्या अर्ध्या पानावर आम्ही आठवडाभर भांडलो आणि तो आठवडा कामी आला.

डोळ्यासमोर काहीतरी हळूहळू होत जाणं, यात मोठी ताकद असते. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवन या कलाशाळेत शिकले हे तुम्हाला माहीत असेलच, त्यांनी 1912 मध्ये सिनेमासाठी पैसे उभे करायला लोकांना दाखवलं काय तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते, रोज थोडं थोडं शूट करून. रांगोळी निवडताना माझ्या डोक्यात हेच होतं.

आता प्लॅनिंग. चित्रं काढता येत नाहीत म्हणून स्टोरीबोर्डला, म्हणजे शॉटच्या क्रमाने काढलेल्या चित्रांना, घाबरू नका. लोकेशनवर जा, तुमच्यातल्याच कोणाला तरी उभं करा, प्रत्येक शॉटचा फोनवर फोटो काढा, मग ते फोटो क्रमाने लावून प्रत्येकाला तीन-चार सेकंद देऊन खाली साधा आवाज टाकून व्हिडिओ बनवा. आमच्या या फोटोंच्या व्हिडिओत ठसा दिसायला 1 मिनिट 40 सेकंद लागत होते, म्हणजे त्यानंतर हातात वीसच सेकंद! आम्ही सुरुवातीचे सहा शॉट तिथेच उडवले आणि ठसा 1 मिनिट 20 सेकंदांवर आणला. हे एडिटिंगला बसल्यावर कळलं असतं तर शूटच्या तीन पहाटा फुकट गेल्या असत्या.

आणि रेकी, म्हणजे लोकेशन आधी जाऊन बघणं, ज्या वेळेला शूट त्याच वेळेला करायची, हे कृपा करून ऐका. आम्ही पहिल्यांदा दुपारी चारला गेलो, सगळं छान वाटलं, आणि प्रत्यक्ष शूटच्या दिवशी पहाटे कळलं की दुधाचा टेंपो बरोबर आमच्या फ्रेममध्ये येऊन थांबतो आणि पिशव्यांचे क्रेट उतरवतो. दुसऱ्या दिवशी टेंपोवाल्या भाईंशी बोललो, त्यांनी आनंदाने नाक्यावर गाडी लावली. शेजाऱ्यांनाही आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगा, नाहीतर कोणीतरी ऐन शॉटमध्ये स्कूटर सुरू करणारच. पहाटेचा तो निळसर उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतो, त्यात सहा-सात शॉट झाले तर खूप झाले, म्हणून एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नका.

सगळ्यात जास्त जपायला लागली ती कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळणं. रांगोळी आमच्या मित्राची काकू काढत होती, खरंच सुरेख हात, चिमटीतून रेघ सुटायची ती अगदी दोऱ्यासारखी. पण काकूला सवय अशी की प्रत्येक वेळी हात वेगळा वळायचा, टेक दोनमध्ये पाकळी उजवीकडे तर टेक तीनमध्ये डावीकडे. मग आम्ही फरशीवर खडूने पुसटसे ठिपके मारून ठेवले, अकरा ते एक, आणि प्रत्येक कट झाला की वरून एक फोटो. शॉटही गोष्टीच्या क्रमाने न घेता रांगोळीच्या क्रमाने घेतले, म्हणजे चार रेघा असतानाचे सगळे अँगल आधी, मग पुढे. ठशाचा क्लोजअप शेवटच्या पहाटे, कारण एकदा पाय पडला की सगळं झाडून परत काढावं लागतं. तुमच्या गोष्टीत रांगोळी नसेल, पण अर्धा प्यालेला चहा किंवा जळती उदबत्ती असली तरी हेच करा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. फ्रेम रेट 25 ठेवा, म्हणजे सेकंदाला 25 चित्रं, आणि शटर 1/50, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली 1/60 वर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. एक्स्पोजर (उजेड किती), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर दिव्यासमोरून हात गेला की सगळी फ्रेम उजळते-विझते. ब्लॅकमॅजिक कंपनीचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात हे सगळं हाताने सेट करता येतं, फक्त सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही ते आधी बघून घ्या. ट्रायपॉड नसेल तर मांडीवर किंवा जमिनीवर धान्याची छोटी पिशवी ठेवून त्यावर फोन टेकवा, जमिनीलगतच्या शॉटला तर ती ट्रायपॉडपेक्षा बरी पडते. आणि रेकॉर्ड दाबल्यावर पाच सेकंद थांबूनच अ‍ॅक्शन म्हणा, शेवटीही पाच सेकंद सोडा, एडिटला बसाल तेव्हा बरं वाटेल.

आवाज वेगळ्या फोनवर घ्या, तो हाताच्या अगदी जवळ ठेवून. आम्ही रांगोळी फरशीवर पडतानाचा तो बारीक खसखस आवाज बंद खोलीत, पंखा आणि फ्रीज बंद करून परत घेतला. लोकेशनवर कोणीही न बोलता एक मिनिट नुसता रेकॉर्ड करा, लांबचं कबूतर, देवळातली घंटा, जे असेल ते. हे खाली पसरलं की कट जाणवत नाहीत. ठसा दिसतो तिथे आम्ही म्युझिक न टाकता हाच आवाज एकदम बंद केला, आणि वर्गात दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबली.

टायटल्स मराठीत ठेवणार असाल तर आत्ताच टेस्ट करा. काही एडिटिंग अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘दिग्दर्शन’मधली वेलांटी भलतीकडे जाते. तसं झालं तर नाव दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नीट टाइप करून पारदर्शक पीएनजी इमेज बनवा आणि ती व्हिडिओवर ठेवा. नावं फ्रेमच्या रिकाम्या कोपऱ्यात, आणि ठशाच्या आसपास दहा सेकंद एकही नाव नको.

सबमिशन जानेवारी अखेर म्हणताय, पण शूट डिसेंबरातच उरका. उत्तरायण, म्हणजे मकर संक्रांत, जवळ आलं की गच्च्यांवर पतंग आणि स्पीकर सुरू होतात, मग बडोद्यात कुठल्याच पोळात, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत, शांत आवाज मिळत नाही. डिसेंबरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे सहाला लोकेशनवर पोचलात तरी चालतं. फोटोंचा तो व्हिडिओ तयार झाला की इथे टाका, मी नक्की बघून सांगेन.