गोळी लागली की ब्लिम्प फुटतो का?

तुमचा प्रश्न असा, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदल ज्या के-वर्गाच्या ब्लिम्पमधून (म्हणजे हेलियम भरलेल्या, सांगाडा नसलेल्या, इंजिनावर चालणाऱ्या हवाई जहाजांमधून) पाणबुड्या शोधायचं, ते एका गोळीने फुग्यासारखे फुटले नसते का? नाही. जत्रेतला फुगा फुटतो तो ताणलेल्या रबरामुळे. ब्लिम्पचं रबर चढवलेलं कापड तसं ताणलेलं नसतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम जास्त, पाण्याच्या काही सेंटिमीटर स्तंभाइतका. त्यामुळे भोकातून हेलियम निघतो तो हळूहळू.

सांगाडा नसताना आकार टिकतो, तोही या दाबावरच, आणि मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. हेलियमच्या पिशवीत पुढे-मागे बॅलोनेट नावाच्या हवेच्या वेगळ्या पिशव्या असतात. वर गेलं की हेलियम प्रसरण पावतो, मग बॅलोनेटमधली हवा सोडायची. खाली येताना परत भरायची. पुढच्या पिशवीत हवा वाढवली की नाक खाली जातं. उन्हाने हेलियम तापला तरी वैमानिकाला हेच गणित पुन्हा मांडावं लागे.

म्हणून प्रशिक्षणही वेगळं. न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टच्या नौदल तळावर शिकाऊ वैमानिकांना इंजिन नसलेल्या साध्या बलूनमधूनही उडवत, कारण इंजिनं बंद पडली की ब्लिम्पचाही बलूनच होतो. छोटे एल-वर्गाचे ब्लिम्प होते ते मुख्यतः शिकवण्यासाठी. प्रत्यक्ष गस्तीचा के-वर्ग सुमारे ७७ मीटर लांब, दोन इंजिनांचा.

आता गोळ्यांचा खरा दाखला. १८ जुलै १९४३च्या रात्री फ्लोरिडाजवळ के-७४ला रडारवर यू-१३४ ही जर्मन पाणबुडी दिसली. नियम असा होता, की तोफांच्या माऱ्याबाहेर थांबून मदत बोलवायची. पण पुढे व्यापारी जहाजं होती, म्हणून वैमानिक नेल्सन ग्रिल्स थेट चालून गेले. पाणबुडीच्या तोफांनी आवरणाची चाळण केली. तरीही ब्लिम्प फुटला नाही. हळूहळू खाली येत पाण्यावर टेकला आणि त्याचं आवरण कित्येक तास तरंगत राहिलं. दहाही जण जिवंत बाहेर पडले. इसाडोर स्टेसेल यांना मात्र दुसऱ्या दिवशी, सुटका अगदी जवळ आलेली असताना, शार्कने ओढून नेलं. बाकीचे नऊ वाचले. शत्रूने पाडलेला अमेरिकन नौदलाचा ब्लिम्प एवढा एकच.