वाचक विचारतात : पेट्रोल कुठलं आणि पळते कशी?

प्रश्न : मुलगी बीएस्सीला आहे, ती म्हणते आता स्वतःहून पळणाऱ्या बारीक मोटरी डीएनए शोधतात. मला तर फेकाफेकी वाटते. खरं काय? - एक आई, भांडुप

उत्तर : ताई, फेकाफेकी नाहीये. पण मोटर म्हणजे वायंडिंग-बिंडिंग काही नाही हां, नुसती काडी, अर्धी सोन्याची अर्धी प्लॅटिनमची, लांबी 2 मायक्रॉन, एका केसाच्या जाडीत अशा तीसेक काड्या ओळीने मावतील. 2004 साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन आणि टॉम मॅलुक यांच्या टीमने ती पळवून दाखवली. पेट्रोल कुठलं? हायड्रोजन पेरॉक्साइड, तेच, जखमेवर ओतलं की फसफसतं ते. काडीच्या दोन टोकांना वेगवेगळी रिअ‍ॅक्शन होते, आतून इलेक्ट्रॉन प्लॅटिनमकडून सोन्याकडे जातात, बाहेर पाण्यातले प्रोटॉनही तिकडेच, मग पाणी मागे सरकतं आणि काडी प्लॅटिनमचं टोक पुढे करून सुटते.

आता डीएनए. 2010 मध्ये सॅन डिएगोच्या जोसेफ वँग यांच्या टीमने मस्त आयडिया केली. हवा तो डीएनए सापडला तरच त्याला चांदीचे कण चिकटतात, ती चांदी पेरॉक्साइडमध्ये विरघळते आणि चांदीने या काड्यांची स्लो लोकल एकदम फास्ट होते! डीएनए जितका जास्त तितकी त्याच वेळात धाव लांब, मायक्रोस्कोपखाली ती मोजायची, झालं.

आणि घाबरू नका, हे सगळं काचेवरच्या थेंबात चालतं, पेरॉक्साइड कोणी रक्तात सोडत नाही.