कार्बन उत्सर्जन कमी करायला सरकारने पाठबळ द्यावं का, की बाजारावर सोडावं?

हो, सरकारने यात उतरायलाच हवं; कारण धुराचा खर्च धूर सोडणाऱ्याच्या बिलात येत नाही, तो भलत्याच्याच माथी बसतो. आणि हे जमतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक निविदा काढून घेतले. २०१४ मध्ये तीनशेच्या वर असलेला खरेदीचा भाव २०१६ पर्यंत चाळीसच्या आत आला. वीज वाचवा म्हणून कुणाला उपदेश करत बसावं लागलं नाही, बल्ब स्वस्त झाला म्हणून लोकांनी घेतला. माझी अट एकच: कर लावायचा तर त्याचा पैसा कुठे जाणार हे कायद्यातच पक्कं हवं. कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर लागला, २०१६ मध्ये तो ४०० झाला. हेतू स्वच्छ ऊर्जेचा. पण त्यातला बराच पैसा त्या कामाला लागलाच नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ती वसुली राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळवली गेली.