बाहुलीचा फ्रॉक डोक्यातून जात नाही? मग डोक्यातून घालूच नका

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण माझा पहिला फ्रॉक अगदी असाच अडकला होता. घरी शिवलेली कापडी बाहुली, फ्रॉक डोक्यातून जाईना, गळा मोठा केला तर आता खांद्यावरून उतरतो, आणि लेकीला तर सगळी काढघाल स्वतः करायचीये. यात तुमच्या शिवणाची काही चूक नाहीये हो. अशा बाहुलीचं डोकं गळ्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, माझ्याकडे जी ४० सेंमीची आहे तिचा गळा १४ आणि डोकं ३०, वर लोकरीचे केस वेगळे. त्यात आपली पोरं कशी कोपर वाकवून बाहीत हात घालतात, ही बया हात ताठ करून पडून राहते. त्यामुळे तिचा कपडा मागून पूर्ण उघडा हवा, गळ्यापासून थेट खालच्या घेरापर्यंत, ऑपरेशनच्या गाऊनसारखा पुढून हात घालायचे आणि पाठीवर बंद करायचा. हे आधी ठरवा आणि मगच कापड बेता.

माप बाहुली भरून झाल्यावरच घ्यायचं, कापूस भरला की सपाट कापडाचा आकार पार बदलतो. मी तर मापाची पट्टी घेतच नाही, धडाला टिश्यू पेपर गुंडाळते, वरून चिकटपट्टी लावते, पेनाने खांदा, कूस (बगलेखालची बाजूची शिवण), मुंढा (हात बाहेर काढायचं भोक) आखते आणि कापून काढते, हाच कागदी बेत. छातीत एकूण २-३ सेंमी ढिलाई, शिलाईला सगळीकडे ६ मिमी, आणि पाठीच्या दोन्ही कडांना एकावर एक चढायला दीड-दीड सेंमी जास्त. मुंढा मात्र दंडाच्या मापाने नको, पंजाच्या मापाने ठेवा, अंगठा असेल तर तो हमखास अडकतो.

आता बिनबाह्यांची चोळी, म्हणजे फ्रॉकचा वरचा भाग. इतक्या छोट्या गळ्याला तिरकी पट्टी लावायच्या भानगडीत पडू नका, अख्ख्या चोळीलाच अस्तर लावा. पुढचा एक तुकडा, पाठीचे दोन, असेच तीन अस्तराचे. आधी दोन्हीचे खांदे वेगवेगळे जोडा, मग सुलट बाजू एकमेकींवर ठेवून गळा, पाठीच्या कडा आणि मुंढे शिवा, कुशी आणि खालची बाजू मोकळी. गोलाईवर शिलाईच्या अगदी जवळपर्यंत कात्रीने छोटे छोटे काप द्या, नाहीतर गळा सपाट बसतच नाही. मग पाठीचा एकेक तुकडा खांद्याच्या बोगद्यातून पुढच्या बाजूला ओढून काढा. खांदा निदान अडीच सेंमी रुंद असला तर निघतो, त्याहून अरुंद असला तर रडवतो (मी एकदा पेन्सिलीने ढकलता ढकलता अस्तर फाडलंय). शेवटी कूस, मुंढ्याच्या जोडावर जोड ठेवून कापड आणि अस्तर एकाच सरळ शिलाईत.

घेर छातीच्या दुप्पट-सव्वादोन पट पुरे, जास्त घेतला तर कमरेला गठ्ठा होतो कारण बाहुली छोटी झाली तरी कापडाची जाडी काही छोटी होत नाही. म्हणून कापड पातळच घ्या, जुना धुऊन धुऊन मऊ झालेला कॉटनचा शर्ट सगळ्यात भारी, त्याची तयार खालची दुमड तशीच घेराला वापरायची, तेवढंच हेमिंग वाचतं. चुण्यांसाठी धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला, कडेपासून ४ आणि ८ मिमीवर, दोन्ही दोरे एकदम ओढून घेर चोळीच्या खालच्या कडेएवढा करा आणि चोळीला जोडताना दोन ओळींच्या मधोमध टीप मारा, एकच ओळ घातली तर चुण्या सरकतात.

बंद करायला काय ते मुलीच्या वयावर. ३ वर्षांखालची असेल तर बटण, टिचबटण, मणी काहीच नको, ओढून तोंडात घालतात. तिथे पातळ वेलक्रो, चारही बाजूंनी पक्की शिवलेली. फक्त वेलक्रोची खरखरीत बाजू लोकरीच्या केसांना धरते, त्यामुळे सगळ्यात वरचा तुकडा मानेपासून जरा खाली लावा. मोठ्या मुलीला टिचबटणं चालतात.

आणि नवीन कापड आधी धुवा, प्लीज. मी घाईत न धुतलेल्या लाल कापडाचा झगा घातला, बाहुली रात्रभर ओल्या टॉवेलजवळ पडली आणि सकाळी काखा गुलाबी, त्या आजतागायत गेल्या नाहीत. गडद कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून इस्त्री फिरवा, रंग जात असेल तर लगेच कळतं.

तुम्ही शिवलेला फ्रॉक टाकून देऊ नका. पाठ मधोमध वरपासून खालपर्यंत सरळ कापा, दोन्ही कडांना ४ सेंमीची पट्टी जोडून आत दुमडा, एकावर एक चढवून बंद करायची सोय लावा. मोठा झालेला गळा आत दुमडून बारीक नेफा करा आणि त्यातून अरुंद इलॅस्टिक घाला, मानेवर बसेल इतकंच, त्याची दोन्ही टोकं पाठीच्या कडांना पक्की शिवायची. झालर पडते छान, मुद्दाम केल्यासारखी दिसते.