लोकलच्या वेळा देणारं टूल एआय एजंट चुकीचं वापरतो, डॉक्युमेंटेशनमध्ये काय बदलू?

पॅरामीटरचं, म्हणजे एजंटने टूलला द्यायच्या माहितीचं, वर्णन आधी बघा. ‘स्टेशनचं नाव’ एवढंच असेल तर एजंट ‘दादर’ पाठवणार, आणि दादर पश्चिम रेल्वेवरही आहे, मध्य रेल्वेवरही. तिथेच लिहा: स्टेशन कोड द्या, पश्चिम रेल्वेचा डीडीआर, मध्य रेल्वेचा डीआर, लाइन कळत नसेल तर वापरणाऱ्याला विचारा. वेळ २४ तासांची, नमुन्यासकट: १८:०५. टूल कशासाठी नाही हेही सांगा. वेळापत्रक मिळेल, गाडी आत्ता कुठे आहे ते नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एरर मेसेजकडे. नुसतं ‘अवैध इनपुट’ आलं की एजंट बऱ्याचदा तोच कॉल, म्हणजे टूलकडे केलेली तीच मागणी, पुन्हा करतो. ‘दादर दोन लाइनवर आहे, डीडीआर किंवा डीआर पाठवा’ असं आलं तर सहसा पुढच्याच कॉलला सुधारतो.