ईटीव्ही२ शेवटच्या दिवशी शोधू नकोस
मूलपेशींपासून रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी बनताना कोणती जनुकं कधी चालू होतात, हा विषय छान निवडलास. सुरुवातीला तीन जनुकं पुरेत: मूलपेशींसाठी ओसीटी४, मध्यस्तरासाठी (म्हणजे मधल्या टप्प्यातल्या पेशींसाठी) ब्रॅकियुरी, रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींसाठी सीडीएच५. सिंगल-सेल (एकेका पेशीची तपासणी), क्रोमॅटिन (डीएनएची प्रथिनांसह गुंडाळी) वगैरे नंतर बघू.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- फक्त शेवटी आरएनए काढणं. ईटीव्ही२ हे पेशींना अस्तरपेशींच्या वाटेला लावणारं जनुक थोडाच काळ चालू असतं. ईआरजी, एफएलआय१ या पुढच्या जनुकांना कामाला लावतं आणि बंद होतं. शेवटी ते दिसलं नाही म्हणजे प्रयोग फसला असं नाही! रोज प्लेटमधला एक वेल (खळगा) लाइज करून, म्हणजे त्यातल्या पेशी फोडून, उणे ८० अंश सेल्सिअसला ठेव.
- अस्तरपेशी ओळखायला एकट्या सीडी३१ या प्रथिनावर भिस्त. ते प्लेटलेट्सवरही असतं. व्हीई-कॅडहेरिन (सीडीएच५ चं प्रथिन) रंगवच; पेशींच्या कडेने सलग रेघ दिसायला हवी.
- मूलपेशींच्या वसाहतींच्या (पुंजक्यांच्या) कडा आधीच विस्कटलेल्या असताना सुरुवात. अशा प्लेटवर व्हीईजीएफ (अस्तरपेशी घडवायला घालतात तो वाढ-घटक) वाया घालवू नकोस.